इराणमधील हिजाबसक्ती : कायदा एका ओळीचा, पहारा चार दशकांचा

तेहरानमधील वनक चौक, तज्रिश चौक, एखादी गजबजलेली बाजारपेठ किंवा मेट्रो स्थानकाचे प्रवेशद्वार. २००७ सालानंतरची सुमारे पंधरा वर्षे अशा ठिकाणी हिरव्या पट्ट्याची एक पांढरी व्हॅन उभी दिसे. व्हॅनजवळ गणवेशातील पुरुष पोलिस आणि त्यांच्या पुढ्यात काळी चादर घेतलेल्या महिला पोलिस. समोरून येणाऱ्या तरुणीचा रुमाल कपाळावरून मागे सरकलेला असेल, अंगातला ओव्हरकोट गुडघ्याच्या वर असेल किंवा पायघोळ विजारीखालून घोटा दिसत असेल, तर महिला पोलिस तिच्याजवळ जात. ‘खानम, हिजाब दुरुस्त करा’, या अर्थाचे एक वाक्य उच्चारले जाई. पुष्कळदा एवढ्यावर भागत असे. कधी भागत नसे आणि व्हॅनचे दार उघडत असे.

या पथकाचे नाव ‘गश्त-ए-इर्शाद’. मराठी माणसाला हे दोन्ही शब्द अगदीच परके नाहीत. आपली ‘गस्त’ फारसीतूनच आलेली आहे. आणि मुशायऱ्यात शायराला ‘इर्शाद’ म्हणून पुढचा शेर ऐकवण्याची विनंती केली जाते, हेही अनेकांच्या कानावरून गेलेले असते. इर्शाद म्हणजे मार्गदर्शन, आज्ञा. तेव्हा गश्त-ए-इर्शाद म्हणजे ‘मार्गदर्शक गस्त’. ‘चादर’ हा शब्दही तिकडचाच. मात्र इराणी चादर म्हणजे पांघरूण नव्हे, तर डोक्यापासून घोट्यापर्यंत येणारे, पुढून हाताने धरून ठेवावे लागणारे अर्धवर्तुळाकार वस्त्र. या चादरीची सक्ती कायद्याने कधीच नव्हती. सक्ती होती ती ‘हिजाब’ची. आणि हिजाब म्हणजे नेमके काय, हे कायद्याने सांगितलेले नव्हते. इराणी स्त्रियांच्या चार दशकांच्या अनुभवाचे मूळ या न सांगण्यात आहे.

एका ओळीचे कलम

इराणच्या १९९६ सालच्या इस्लामी दंडसंहितेतील ६३८ व्या कलमाला एक टीप जोडलेली आहे. शरियतसंमत हिजाबाशिवाय सार्वजनिक ठिकाणी व रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रीला दहा दिवस ते दोन महिने कैद किंवा ५० हजार ते पाच लाख रियाल दंड करावा, एवढाच तिचा आशय. त्याआधी १९८३ च्या कायद्यात याच गुन्ह्यासाठी ७४ फटक्यांची शिक्षा होती. दंडाची रक्कम रियालची किंमत घसरत गेली तशी हास्यास्पद होत गेली. मूळ कलमातील कमाल दंड २०२२ साली खुल्या बाजारात दोन डॉलरपेक्षाही कमी भरत होता.

परंतु शिक्षेपेक्षा व्याख्येचा अभाव महत्त्वाचा ठरला. केस किती दिसले तर चालतील? गळ्याचे काय? कोटाची लांबी किती हवी, रंग कोणता? यांपैकी कशाचेही उत्तर कलमात नाही. शाळा आणि सरकारी कचेऱ्यांसाठी परिपत्रके निघत. त्यांत काळा, गडद निळा, तपकिरी, करडा असे रंग सांगितलेले असत आणि हनुवटीखाली बंद होणारी टोपीवजा ‘मगनये’ ठरवून दिलेली असे. रस्त्यावर मात्र असे काही नव्हते. तेथे व्याख्या करण्याचे काम गस्तीवरील पोलिसाकडे आले. एका चौकातून निर्वेध गेलेली तरुणी पुढच्या चौकात अडवली जाई. सकाळी चालणारा रुमाल संध्याकाळी चालत नसे. निवडणूक जवळ आली की पहारा सैल पडे आणि उन्हाळा सुरू झाला की आवळला जाई. नियम स्पष्ट असता तर तो पाळता किंवा मोडता आला असता. येथे स्त्रीला नियमाचा नव्हे, तर समोरच्या पोलिसाच्या चेहऱ्याचा अंदाज घ्यावा लागे.

या अस्पष्टतेतून दोन शब्द रूढ झाले : ‘बेहिजाबी’ आणि ‘बदहिजाबी’. उपसर्ग मराठीतलेच असल्याने अर्थ सांगण्याची गरज नाही. कायद्यात गुन्हा होता तो बेहिजाबीचा. प्रत्यक्षात पकडल्या गेलेल्या बहुसंख्य स्त्रिया बदहिजाबीच्या होत्या. म्हणजे डोक्यावर रुमाल असलेल्या, पण तो कोणाला तरी पुरेसा न वाटलेल्या.

धर्मग्रंथाच्या आधाराविषयीही येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. कुराणात स्त्री-पुरुष दोघांनाही दृष्टी व आचरण मर्यादशील ठेवण्यास सांगितले आहे आणि स्त्रियांच्या वस्त्राविषयी काही आयते आहेत. त्यांच्या अर्थाविषयी विद्वानांत जुने मतभेद आहेत. तथापि वस्त्राचा नियम मोडल्याबद्दल कोणतीही ऐहिक शिक्षा त्या आयतांत सांगितलेली नाही. पोलिसी कारवाईला आधार दिला जातो तो वेगळ्या तत्त्वाचा : ‘सत्कर्माचा आदेश देणे आणि दुष्कर्मास मनाई करणे’. इराणच्या राज्यघटनेच्या आठव्या कलमात हे तत्त्व नोंदलेले आहे. मध्ययुगीन मुस्लिम राजवटींत याच तत्त्वाखाली ‘मोहतसिब’ नावाचा अधिकारी नेमला जाई. बाजारातील वजनमापे तपासणे हे त्याचे मुख्य काम, सार्वजनिक नीतिमत्ता हे त्याला जोडलेले काम. औरंगजेबाने सत्तेवर येताच असा मोहतसिब नेमला होता, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असेल. मद्यपींच्या मागे लागणारा हा अधिकारी पुढे गझलेत टिंगलीचा विषय होऊन बसला. विसाव्या शतकात त्याच्या हाती मोटार, वायरलेस आणि कोठडी आली तेव्हा टिंगलीला फारशी जागा उरली नाही.

पोलिसांनी आधी चादर उतरवली

हिजाबाच्या प्रश्नात इराणी पोलिस पहिल्यांदा पडले ते उलट्या दिशेने. ८ जानेवारी १९३६ रोजी रझा शहा पहलवी यांनी स्त्रियांच्या पडद्यावर बंदी घातली. शेजारच्या तुर्कस्तानातील केमाल अतातुर्क यांच्या सुधारणांचा प्रभाव त्यांच्यावर होता. मात्र अतातुर्क यांनी देशव्यापी कायद्याने स्त्रियांचा पडदा कधी बंद केला नव्हता. रझा शहांनी तो केला आणि अंमलबजावणी पोलिसांकडे सोपवली. चादर किंवा डोक्याचा रुमाल घेतलेली स्त्री रस्त्यावर दिसली की शिपाई तो ओढून काढत, प्रसंगी फाडत. सरकारी अधिकाऱ्यांनी पत्नीला उघड्या डोक्याने समारंभांना आणावे, असा दंडक होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै १९३५ मध्ये, पुरुषांवर लादलेल्या युरोपीय हॅटच्या निषेधार्थ मशहद येथील गोहरशाद मशिदीत जमाव जमला होता. सैन्याने त्यावर गोळीबार केला. पोशाखावरून रक्त सांडण्याची इराणातील ही सुरुवात म्हणता येईल.

शिकलेल्या शहरी घरांतील काही स्त्रियांना हा हुकूम मुक्तीसारखा वाटला, हेही खरे. पण धर्मनिष्ठ, सामान्य घरांतील अनेक स्त्रियांसाठी तो घरकैदेचा हुकूम ठरला. त्यांनी बाहेर पडणेच सोडले. त्या काळी बहुतेक घरांत न्हाणीघर नसे आणि स्त्रिया सार्वजनिक हमामात जात. तिथवर जाणेही बंद झाले. १९४१ साली रझा शहा पदच्युत झाले आणि बंदी आपोआप गळून पडली. पुत्र मोहम्मद रझा शहा यांच्या काळात चादर घेणे वा न घेणे ऐच्छिक राहिले. सरकारी आणि उच्चभ्रू वर्तुळांत मात्र चादरवाली स्त्री मागासलेली समजली जाई. त्या अपमानाची आठवण बुजली नव्हती. १९७८ साली शहांविरुद्धच्या मोर्चांत एरवी चादर न घेणाऱ्या अनेक विद्यार्थिनी व नोकरदार स्त्रियाही चादर घेऊन उतरल्या, त्यामागे हा निषेध होता. पुढच्याच वर्षी तीच चादर आपल्यावर सक्तीने येईल, असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाटले असेल.

बर्फातील मोर्चा

क्रांती यशस्वी होऊन महिनाही उलटला नव्हता. ७ मार्च १९७९ रोजी अयातुल्ला खोमेनी यांचे भाषण वृत्तपत्रांत झळकले. सरकारी कचेऱ्यांत स्त्रियांनी ‘उघडे’ येऊ नये, हिजाब घालून यावे, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या दिवशी ८ मार्च, आंतरराष्ट्रीय महिला दिन होता. बर्फ पडत असताना हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यावर आल्या. वकील, परिचारिका, शिक्षिका, कचेऱ्यांतील कारकून आणि शाळकरी मुलीही त्यांत होत्या. ‘मागे जाण्यासाठी आम्ही क्रांती केली नाही’ ही त्यांची घोषणा. हेंगामेह गोलेस्तान या छायाचित्रकार महिलेने त्या दिवशी टिपलेली छायाचित्रे आज जगभर पाहिली जातात. त्यांतील बहुतेक स्त्रियांच्या डोक्यावर काहीच नाही.

निदर्शने काही दिवस चालली. त्यांच्यावर काठ्या, दगड आणि सुऱ्यांनी हल्ले झाले. हल्लेखोरांची घोषणा यमकात होती : ‘या रुसरी, या तुसरी’. रुसरी म्हणजे डोक्याचा रुमाल, तुसरी म्हणजे डोक्यात पडणारा तडाखा. रुमाल तरी घ्या, नाही तर टोला तरी खा. सरकारने तात्पुरती माघार घेतली. अयातुल्ला तालेघानी यांनी सक्ती होणार नाही, असे जाहीर केले आणि मोर्चे थांबले.

या प्रसंगी डाव्या आणि उदारमतवादी पक्षांनी जी भूमिका घेतली, तिची नंतर बरीच चिकित्सा झाली. साम्राज्यवादाशी चाललेल्या लढ्यात स्त्रियांच्या रुमालाचा प्रश्न दुय्यम आहे, तो उचलून क्रांतीत फूट पाडू नये, असे त्यांपैकी अनेकांचे म्हणणे होते. स्त्रिया एकट्या पडल्या. जुलै १९८० मध्ये सरकारी कचेऱ्यांत हिजाब सक्तीचा झाला. सप्टेंबरात इराकशी युद्ध सुरू झाले आणि आक्षेपाला उरलेली जागाही संपली. सीमेवरील हुतात्म्याच्या रक्ताशी स्त्रीच्या हिजाबाचे नाते सांगणारी वाक्ये भिंतींवर रंगवली गेली. दुकाने, उपाहारगृहे आणि शाळा यांत एकामागून एक सक्ती आली आणि १९८३ च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. नऊ वर्षे वयाच्या मुलीपासून वृद्धेपर्यंत, मुस्लिमांपासून ख्रिस्ती, ज्यू आणि झरथुष्ट्री स्त्रियांपर्यंत सर्वांना ती लागू होती. परदेशी पाहुण्याही सुटल्या नाहीत.

समित्या, बसिज आणि व्हॅन

ऐंशीच्या दशकात हा पहारा पोलिसांचा नव्हता. क्रांतीच्या दिवसांत मोहल्ल्यामोहल्ल्यांत उभ्या राहिलेल्या ‘कोमितेह’ म्हणजे क्रांतिसमित्यांचे सशस्त्र तरुण गाड्यांतून फिरत, तरुण-तरुणींना एकत्र पाहून नाते विचारत, ओठावरचा रंग पुसायला लावत, घरगुती समारंभांवर छापे घालत. १९९१ साली या समित्या, शहर पोलिस आणि ग्रामीण भागातील जांदार्मरी यांचे एकत्रीकरण करून एकच कायदा-सुव्यवस्था दल निर्माण करण्यात आले. पहारा देण्याचे काम गणवेशात आले. त्याच्या जोडीला ‘बसिज’ हे स्वयंसेवक दल होतेच.

१९९७ साली मोहम्मद खातमी अध्यक्षपदी निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत रुमाल मागे सरकले, कोट आखूड झाले, रंग उजळले. याच सुमारास विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांत मुलींची संख्या मुलांच्या पुढे गेली. स्त्री शिकत होती, नोकरी करत होती, मोटार चालवत होती. तिच्या शिक्षणाचा आणि तिच्या वस्त्रावरील पहाऱ्याचा आलेख परस्परविरुद्ध दिशेने जात होता.

२००५ च्या निवडणुकीत महमूद अहमदिनेजाद यांनी दूरचित्रवाणीवर, तरुणांच्या केसांची ठेवण हा काय देशापुढचा प्रश्न आहे काय, अशा आशयाचा सवाल केला होता. त्यांच्याच कारकिर्दीत गश्त-ए-इर्शाद रस्त्यावर आली. सर्वोच्च सांस्कृतिक क्रांती परिषदेने २००५ साली ‘शालीनतेच्या संस्कृतीचा प्रसार’ करण्याचा कार्यक्रम मंजूर केला. त्यात डझनावारी शासकीय संस्थांना कामे वाटून दिलेली होती. २००७ च्या वसंतात व्यापक मोहीम सुरू झाली आणि व्हॅन ओळखीची झाली. नंतर अध्यक्ष झालेल्या हसन रूहानी यांनी २०१५ साली पोलिस अधिकाऱ्यांपुढे बोलताना, पोलिसांचे काम कायदा राबवण्याचे आहे, इस्लाम राबवण्याचे नाही, असे सांगितले. त्यावर धर्मगुरूंनी टीकेची झोड उठवली. पोलिस दल अध्यक्षांच्या नव्हे, तर सर्वोच्च नेत्याच्या अखत्यारीत असल्याने व्हॅन होती तेथेच राहिली. एप्रिल २०१६ मध्ये तेहरानच्या पोलिस प्रमुखांनी सात हजार साध्या वेषातील निरीक्षक नेमल्याचे जाहीर केले.

पकडलेल्या स्त्रीचे पुढे काय होई? तेहरानमध्ये तिला वोझारा रस्त्यावरील पोलिस केंद्रात नेत. तेथे तिचा मोबाइल काढून घेत, गुन्हेगारासारखे छायाचित्र काढत, ‘पुन्हा असे करणार नाही’ अशा हमीपत्रावर सही घेत आणि शालीनतेवर व्याख्यान ऐकवत. घरून भाऊ, वडील किंवा नवरा लांब कोट व मोठा रुमाल घेऊन आला की काही तासांत सुटका होई. खटल्यापर्यंत थोडीच प्रकरणे जात. म्हणूनच हा प्रकार बाहेरच्यांना किरकोळ वाटे. परंतु नोकरीला निघालेली स्त्री कामावर पोहोचत नसे. परीक्षेला निघालेली मुलगी परीक्षेला मुकत असे. शिक्षा खरे तर न्यायालयाबाहेर, त्या व्हॅनमध्येच होत होती.

प्रतिकारही त्याच पातळीवर होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘गेरशाद’ नावाचे मोबाइल अॅप आले. गस्तीची व्हॅन कोठे उभी आहे, याची खूण नागरिक नकाशावर करत आणि इतर जण वाट बदलत. २०१४ पासून पत्रकार मसीह अलीनेजाद यांनी परदेशातून चालवलेल्या मोहिमेत स्त्रिया उघड्या डोक्याची छायाचित्रे पाठवत होत्या. २७ डिसेंबर २०१७ रोजी विदा मोवाहेद ही तरुणी तेहरानच्या इन्किलाब म्हणजे क्रांती रस्त्यावरील एका पेटीवजा चौथऱ्यावर चढली आणि आपला पांढरा रुमाल काठीला बांधून शांतपणे उभी राहिली. तिच्यामागोमाग इतर स्त्रिया शहरोशहरी अशाच उभ्या राहू लागल्या. पोलिसांनी त्या पेट्यांवर उतरत्या छपराचे लोखंडी सांगाडे बसवले, म्हणजे पाय ठेवता येऊ नये. या तरुणींचे वकीलपत्र घेणाऱ्या नसरीन सोतूदेह यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि पुढे एकूण ३८ वर्षे कैद व १४८ फटके अशी शिक्षा ठोठावण्यात आली. याच काळात इराणी अध्यक्षांच्याच एका अभ्यासकेंद्राने एक पाहणी प्रसिद्ध केली. हिजाब ही वैयक्तिक बाब असून सरकारने त्यात पडू नये, असे जवळजवळ निम्म्या लोकांचे मत तीत नोंदले गेले होते.

अन्य राजवटी

असा पहारा इराणपुरता नव्हता. सौदी अरेबियात तर लिखित कायदाच नव्हता. ‘मुतव्वा’ या नावाने ओळखले जाणारे धर्मरक्षक काळा अबाया सक्तीचा धरत. ११ मार्च २००२ रोजी मक्केतील मुलींच्या शाळेला आग लागून १५ मुली मृत्युमुखी पडल्या. अबायाशिवाय बाहेर धावलेल्या मुलींना मुतव्वांनी अडवले, असे सौदी वृत्तपत्रांनी लिहिले. सरकारी चौकशीने हा ठपका नाकारला, पण मुलींचे शिक्षण धर्मसंस्थेकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे देण्यात आले. एप्रिल २०१६ मध्ये मुतव्वांचा अटकेचा अधिकार गेला. सुदानमध्ये २००९ साली पत्रकार लुबना हुसेन यांच्यावर विजार घातल्याबद्दल ‘अशोभनीय वस्त्रा’चा खटला झाला. दंड भरण्यास नकार देऊन त्यांनी तुरुंग पत्करला. तेथील सार्वजनिक सुव्यवस्था कायदे राजवट बदलल्यावर, नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द झाले.

अफगाणिस्तानची वाट उलटी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये काबूलमधील महिला मंत्रालयाच्या इमारतीत तालिबानने ‘सत्कर्म प्रसार व दुष्कर्म प्रतिबंध’ मंत्रालय थाटले. मे २०२२ च्या फर्मानाने चेहरा झाकणे आवश्यक केले आणि शिक्षा स्त्रीऐवजी तिच्या पित्याला, भावाला किंवा पतीला ठेवली. पोलिसाची जागा घरातल्या पुरुषाने घ्यावी, ही ती योजना. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने स्त्रीचा आवाजही झाकण्याच्या वस्तूंत जमा केला.

वोझारा केंद्रातील कोसळणे

१३ सप्टेंबर २०२२ रोजी संध्याकाळी, कुर्दिस्तान प्रांतातील सक्केझ येथून तेहरानला आलेल्या २२ वर्षांच्या महसा अमिनी हिला मेट्रो स्थानकाबाहेर गश्त-ए-इर्शादने ताब्यात घेतले. तिचे कुर्दी नाव जिना. भाऊ बरोबर होता; तो विनवण्या करत राहिला. वोझारा केंद्रातील कॅमेऱ्याच्या चित्रणात ती एका महिला कर्मचाऱ्याशी बोलताना आणि नंतर कोसळताना दिसते. कसरा रुग्णालयात १६ सप्टेंबरला तिचा मृत्यू झाला. जुन्या आजारामुळे मृत्यू झाल्याचे सरकारने सांगितले. कुटुंबाने ते नाकारले. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च २०२४ च्या अहवालात, कोठडीतील शारीरिक हिंसेमुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष काढला.

ही बातमी जगापुढे आणण्यात दोन महिला पत्रकारांचा मोठा वाटा होता. ‘शर्घ’ दैनिकाच्या निलूफर हामेदी रुग्णालयात पोहोचल्या. ‘हम-मिहन’च्या इलाहे मोहम्मदी यांनी सक्केझहून दफनविधीचे वृत्त दिले. दोघींना अटक होऊन दीर्घ शिक्षा झाल्या. जामिनावर त्या सुटल्या जानेवारी २०२४ मध्ये.

१७ सप्टेंबरला सक्केझच्या आयची दफनभूमीत स्त्रियांनी रुमाल काढून हवेत फिरवले. ‘जिन, जियान, आझादी’ म्हणजे ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही कुर्दी घोषणा तेथून देशभर गेली. शाळकरी मुलींनी वर्गातील नेत्यांच्या तसबिरी उतरवल्या. या वेळी पुरुष मागे राहिले नाहीत, हा १९७९ च्या मार्चहून मोठा फरक होता. वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार आंदोलनात ५५१ जण मारले गेले. त्यांत किमान ४९ स्त्रिया आणि ६८ मुले होती. डिसेंबरपासून आंदोलकांना फाशी देण्यास सुरुवात झाली.

त्याच महिन्याच्या प्रारंभी सरकारी महाअभियोक्त्यांच्या एका उत्तरावरून ‘इराणची नैतिकता पोलिस यंत्रणा बरखास्त’ अशा ठळक बातम्या जगभर झळकल्या. बरखास्तीचा कोणताही लेखी आदेश निघालेला नव्हता. व्हॅन काही महिने दिसेनाशा झाल्या, एवढेच. १६ जुलै २०२३ रोजी गस्त पुन्हा सुरू होत असल्याचे पोलिसांनीच जाहीर केले.

कॅमेरा, संदेश, टाळे

दरम्यान यंत्रणेचे स्वरूप बदलले होते. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरील कॅमेऱ्यांच्या साह्याने उघड्या डोक्याच्या स्त्रिया हेरण्यास सुरुवात झाली. मोटारीत रुमाल नसलेली स्त्री दिसली की गाडीच्या मालकाला मोबाइलवर इशारा जाई. पुनरावृत्ती झाल्यास गाडी जप्त. विश्वासातील नागरिकांना ‘नाझेर’ नावाचे अॅप देण्यात आले. गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण त्यात नोंदवता येई. पुढे टॅक्सी, बस आणि रुग्णवाहिकाही त्याच्या कक्षेत आल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने २०२५ च्या अहवालात नोंदवले आहे. उपाहारगृहे, औषधांची दुकाने, पुस्तकांची दुकाने यांना, उघड्या डोक्याच्या गिऱ्हाइकाला वस्तू दिली म्हणून टाळे लागू लागले. पूर्वी पोलिस करत असलेले काम आता दुकानदार, टॅक्सीचालक आणि गाडीमालक यांनी आपल्या पोटाच्या भीतीने करावे, अशी ही रचना होती. तिला काही प्रमाणात यश आले, पण पुष्कळ दुकानदारांनी दंड सोसला आणि गिऱ्हाइकाला काही बोलले नाहीत.

जीव जाण्याचे थांबले नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी तेहरानच्या मेट्रोत शिरलेली अर्मिता गरावंद ही शाळकरी मुलगी काही क्षणांत बेशुद्धावस्थेत बाहेर काढली गेली आणि २८ ऑक्टोबरला मरण पावली. तिच्या डोक्यावर रुमाल नव्हता. डब्यातील चित्रण कधीच प्रसिद्ध झाले नाही. त्याच ऑक्टोबरात, तुरुंगात असलेल्या नर्गिस मोहम्मदी यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले होते. १३ एप्रिल २०२४ पासून ‘नूर’ नावाच्या मोहिमेखाली व्हॅन पुन्हा चौकाचौकांत उभ्या राहिल्या.

कायद्याची एक ओळ अपुरी आहे, हे अखेर सत्ताधाऱ्यांनाही जाणवले. ७४ कलमांचे ‘हिजाब व शालीनता’ विधेयक संसदेने २० सप्टेंबर २०२३ रोजी १५२ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर केले. जबर दंड, परदेशप्रवासावर निर्बंध, सेवा देणाऱ्या व्यवसायांवर कारवाई आणि परकीयांशी संगनमताच्या आरोपाखाली दीर्घ कैद अशा तरतुदी त्यात होत्या. पालक परिषदेने त्याला संमती देईपर्यंत सप्टेंबर २०२४ उजाडले. डिसेंबरच्या मध्याला कायदा अमलात येणार होता. जुलैमध्ये अध्यक्ष झालेल्या मसूद पेझेश्कियान यांनी त्यात संदिग्धता असल्याचे सांगितले, आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने अंमलबजावणी रोखून धरली. समाजात पुन्हा भडका उडेल, ही धास्ती त्यामागे असल्याचे लपून राहिले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात तेहरानहून येणाऱ्या छायाचित्रांत बाजारपेठा, बागा आणि कॉफीगृहे यांत उघड्या डोक्याच्या स्त्रिया ठिकठिकाणी दिसत होत्या. काहींचा रुमाल खांद्यावर होता, गरज पडल्यास वर घेण्याइतका जवळ. संसदेने संमत केलेला ७४ कलमांचा कायदा तेव्हा कपाटात होता. १९९६ ची ती एक ओळ मात्र कोणी रद्द केलेली नव्हती.